‘विशाखा समिती’ महाविद्यालयात आली कशी

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे नाव महाविद्यालयातल्या फलकावर ‘अंतर्गत तक्रार समिती’ असे लिहिलेले असले, तरी महाराष्ट्रात अनेक जण तिला आजही ‘विशाखा समिती’च म्हणतात. विशाखा हे कुणा पीडितेचे नाव नव्हे, ती जयपूरची स्त्री संघटना. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, असलेल्या भंवरी देवींनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये भटेरी गावात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना बाईवर असा प्रसंग ओढवला, तर काम देणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न घेऊन विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालाने, संसद कायदा करेपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. निकाल देणाऱ्या तिघांमधल्या न्या. सुजाता मनोहर याआधी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती होत्या.

ही तत्त्वे कामाच्या ठिकाणासाठी होती आणि विद्यार्थिनी काही संस्थेची नोकर नसते. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथेच आहे. प्राध्यापकाच्या हातात तिचे अंतर्गत गुण असतात, मार्गदर्शकाच्या सहीवर प्रबंध अडतो, आणि त्रास देणारा वर्गातलाच असेल तर तो रोज समोर येतो. कारखान्यासाठी किंवा कचेरीसाठी आखलेल्या समितीत यातले काहीच धरलेले नव्हते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये ही उणीव ओळखून ‘जीएसकॅश’ ही लैंगिक छळाविरुद्धची समिती स्थापन केली. तिच्यात विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसत. नेमलेला सदस्य नेमणाऱ्याकडे पाहतो, निवडून आलेल्याला मतदारांना तोंड द्यावे लागते; हा फरक फार मोलाचा होता. २०१७ मध्ये विद्यापीठाने ती गुंडाळून नवी अंतर्गत समिती नेमली, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला विरोध याच मुद्द्यावर होता.

इतरत्र बऱ्याच समित्या कागदावरच राहिल्या. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोटवाल लेले यांनी हीच तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली. तोवर समितीपुढे सगळे सांगून झाल्यावर खातेनिहाय चौकशीत बाईला तेच पुन्हा सांगावे लागे. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा, असे न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले आणि २०१२ च्या अंतिम निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला २०१३ मध्ये आणि त्या वर्षी ९ डिसेंबरला लागू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृतिदलाने ‘सक्षम’ अहवाल दिला. सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांवर भेदभावाचे नियम लादू नका, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. संध्याकाळी फाटकाला कुलूप लावणे म्हणजे सुरक्षा, ही समजूत त्यामुळे निदान कागदावर तरी मोडली.

उच्च शिक्षण संस्थांमधल्या लैंगिक छळाबाबतचे आयोगाचे विनियम, म्हणजे बंधनकारक नियम, २ मे २०१६ ला राजपत्रात आले. महाविद्यालयांची गफलत होते ती इथे. अनेक ठिकाणी २०१३ च्या कायद्यातली रचना उचलून समिती नेमली जाते: एक अध्यक्षा, दोन कर्मचारी, बाहेरच्या संस्थेची एक सदस्य. विनियमांना एवढे पुरत नाही. अध्यक्षा विद्यापीठात किमान प्राध्यापक आणि महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक हवी. सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी: पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे एकेक. किमान निम्मे सदस्य स्त्रिया हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही, कारण तक्रार त्यांच्याच विभागातली असू शकते. विद्यार्थ्यांच्या जागा रिकाम्या ठेवणे किंवा विभागप्रमुखाला आत घेणे, या चुकांमुळे पुढे सगळी चौकशीच आव्हानाला उघडी पडते.

तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणे समितीचे कर्तव्य आहे. सात दिवसांत प्रत समोरच्याला, दहा दिवसांत त्याचे उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल. तक्रारदार विद्यार्थिनीला खरा आधार मात्र चौकशी चालू असतानाच लागतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते आणि तिच्यापासून दूर राहायला सांगता येते. ही मागणी तक्रारीसोबतच लिहून द्यावी. शैक्षणिक सहल, शिबिर, महोत्सव हेही विनियमांत येतात. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, आणि आपल्याकडे त्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्गही असतात, तर अंतर्गत चौकशीवर थांबता येत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

समिती हलली नाही तर काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. घाई केली तर काय होते, ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारींवर समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेऊन अहवाल दिला आणि प्राध्यापक बडतर्फ झाला. मुंबई उच्च न्यायालयात ती कारवाई टिकली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १२ मे २०२३ रोजी ती रद्द केली: बाजू मांडायला पुरेशी संधीच दिली नव्हती. चौकशी ५ मे २००९ च्या टप्प्यापासून नव्याने करण्याचा आदेश झाला, म्हणजे चौदा वर्षांनी तक्रारदारांसमोर तीच चौकशी पुन्हा उभी राहिली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना समित्यांची रचना तपासायला लावली, आणि सदस्यांची नावे, दूरध्वनी व ई-मेल संकेतस्थळावर ठेवायला सांगितले.