किल्ला सोडल्यानंतरची दिवाळी

आमच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात सत्तावीस मावळे पडून आहेत. प्रत्येक जण वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. शिवाय दोन तोफा, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, गुहेत बसवायचा वाघ आणि सिंहासनावरचे महाराज. खोकं दोन वर्षांत खाली उतरलेलं नाही. मुलगा आठवीत गेला त्या वर्षी मी विचारलं, "माती आणायची ना रे?" मोबाइलवरची नजर न काढता तो म्हणाला, "बघू." घरोघरी 'बघू'चा अर्थ एकच असतो.

त्याआधीची पाच-सहा वर्षं सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून तो थेट पार्किंगच्या कोपऱ्यात हजर व्हायचा. विटा रचायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, मातीचा चिखल थापायचा आणि अळीव पेरायचे. वसुबारसेपर्यंत ते उगवले नाहीत तर घरात सुतक. आता अभ्यंगस्नानासाठी त्याला उठवायला तीन हाका लागतात, उटणं 'चिकट' वाटतं आणि ओवाळताना तो ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघतो.

अशा वेळी आपल्या तोंडून हमखास निघतं, 'आमच्या वेळी असं नव्हतं.' आमच्या वेळीही होतंच. पण त्याच्याही मागे, सव्वाशे-दीडशे वर्षं मागे गेलं तर खरंच वेगळं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सणात कसं ओढून आणायचं, हा प्रश्नच तेव्हा बहुतेक घरांत नव्हता.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. जन्म 1865चा, लग्न नवव्या वर्षी आणि चौदाव्या वर्षी त्या आई झालेल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या ही गोष्ट विलक्षण, पण चौदापर्यंतची कहाणी त्या काळच्या चारचौघींसारखीच होती. अशा मुलीची दिवाळी म्हणजे माहेराहून मूळ, म्हणजे न्यायला माणूस, येण्याची वाट पाहणं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दिवाळसण, त्यात जावयाचा थाट, अंगठी नाहीतर चांदीचं भांडं, आणि मुलीला चार दिवस माहेरची झोप. नवरात्रात खेळल्या जाणाऱ्या भोंडल्याच्या, हादग्याच्या गाण्यांत सासू, नणंद, जाऊ आणि माहेरची वाट इतकी का ठासून भरली आहे, याचं उत्तर त्यांच्या वयात आहे. फेर धरणाऱ्या पोरींना ते उद्याचं नव्हे, आजचं दुःख होतं.

आणि तिला आणायला कोण जायचं? मुराळी. बहुतेक वेळा धाकटा भाऊ, मिसरूडही न फुटलेला. नागपंचमीला आणि दिवाळीला बहिणीच्या सासरी जायचं, तिच्या सासऱ्यांसमोर अदबीनं बसायचं, 'ताईला पाठवता का' हे नीट शब्दांत विचारायचं आणि तिला घेऊन यायचं. नकार मिळाला तर तो घरी येऊन सांगायचं, हेही त्याच्याच वाट्याला. मला या शब्दाचं फार अप्रूप आहे. आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या पोराला सणात एक पद होतं, त्याला नाव होतं, आणि ते काम त्यानं केलं नाही तर घरचा सणच अडायचा.

ब्राह्मणादी घरांत मुंज झालेला मुलगा सोवळं नेसून पूजेला हाताशी बसायचा. गावाकडे गुराखी पोरं दिवटी घेऊन गोठ्या-गोठ्यांतली गाई-म्हशी ओवाळत फिरायची, आणि पाडव्याला बैलांची शिंगं रंगवणं मोठ्या पोरांकडेच असायचं. म्हणजे बालपण संपलं की सणात लगेच पुढची पायरी तयार असे. ती निवडायची मुभा मात्र कुणालाच नव्हती, आणि मुलींच्या बाबतीत तर ती पायरी क्रूर होती.

ती मोडली, हे बरंच झालं. 1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तेच पुढे हुजूरपागा म्हणून ओळखलं गेलं. 1891च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीशी शरीरसंबंधाला वयाची बाराची मर्यादा घातली तेव्हा त्यावरून पुण्यात रणधुमाळी माजली. टिळक विरोधात होते. 1929च्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं, 1978 साली ते अठरा आणि एकवीस झालं. लग्न पुढे सरकलं तशी मधली पाच-सात वर्षं मोकळी झाली. मूल आता लहान नाही, पण संसारीही नाही. इंग्रजीतला 'टीनएजर' हा शब्दसुद्धा अमेरिकेत 1940च्या दशकातच रुळला, यावरून या वयाला वेगळं ओळखणं जगातही किती अलीकडचं आहे ते दिसतं.

मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. मुलांसाठी ती आधी घराबाहेर भरली. 1893-94 पासून पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला आणि मेळ्यांमध्ये शाळकरी पोरं पदं म्हणू लागली. पुढे पुण्यात शाळांची ढोल-लेझीम पथकं निघाली, ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबाग ही त्यांतली ठळक नावं. आज पथकात ताशा वाजवणाऱ्या मुली पाहिल्या की वाटतं, हे नवं पद तरी दोघांना सारखं मिळालं. घरच्या आरतीला डुलक्या काढणारं पोर पथकाच्या सरावाला मात्र ठरल्या वेळी पोचतं!

गोव्यात तर ही सोय दिवाळीतच आहे. नरकचतुर्दशीच्या आधी वाड्यावाड्यांवर पोरं नरकासुर उभा करतात. बांबू, गवत, कागद, वर मुखवटा, आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणं. रात्रभर जागून पहाटे त्याचं दहन, मग घरी आंघोळ आणि तऱ्हेतऱ्हेचे पोहे. दणदणाटाबद्दल तिथले लोक दरवर्षी कुरकुरतात, ती कुरकुर रास्तच आहे. पण पंधरा वर्षांच्या पोराला 'दिवाळीत तुझं काय काम?' असं तिथे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे घरातली जागा मात्र दहावीनं घेतली. परीक्षा घेणारं राज्य मंडळ 1966चं, आणि नव्या (10+2+3) आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा 1975 सालची. त्यानंतर 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' हे वाक्य सुतक असल्यासारखं उच्चारलं जाऊ लागलं. गावी जाणं रद्द, पाहुणे नकोत, टीव्ही बंद, दिवाळीच्या सुट्टीत क्लासची जादा बॅच. मुलाला सणातून आपणच दोन-तीन वर्षं रजा द्यायची आणि अकरावीत तो परत आला नाही की हळहळायचं, यातली गंमत फार जणांच्या लक्षात येत नाही.

एक पायरी मात्र बराच काळ आपोआप चढली जायची, ती दिवाळी अंकांची. 'मनोरंजन' मासिकानं 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. 1971 पासून बालभारतीचं 'किशोर' हे मुलांचं मासिक निघू लागलं. त्याचा दिवाळी अंक वाचून संपला की एका वर्षी हात हळूच आई-बाबांच्या गठ्ठ्याकडे जायचा, आणि 'तुला काय कळणार त्यातलं' हे ऐकलं की तो अंक वाचायचाच असं ठरायचं. मी मोठा झालो तो तसाच, दुपारी चिवड्याच्या तेलकट बोटांनी पानं उलटत.

आमच्या घरी गेल्या वर्षी फरक पडला तो योगायोगानं. आईचा खांदा दुखत होता, सोऱ्या दाबवेना. नातवाला बोलावलं. पहिल्या घाण्याच्या चकल्यांचे तेलात तुकडे झाले. आई म्हणाली, "मोहन जास्त पडलंय, भाजणी घाल अजून थोडी." दुसऱ्या घाण्याला काटा आला. तिसऱ्यापासून तो कुणाला सोऱ्याला हात लावू देईना. चार दिवस आल्यागेल्याला चकलीची बशी त्यानं स्वतः पुढे केली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो मित्रांबरोबर राजगडला गेला. दिवाळीच्या सुट्टीत गडावर जाणाऱ्यांत ही पंधरा-सोळाची पोरं खूप दिसतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक. परतला तेव्हा पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या लहान मुलांचा किल्ला अजून उभा होता, अळीव पिवळे पडलेले. पाठीवरची सॅक न उतरवता तो तिथेच उकिडवा बसला. "कुठला आहे रे हा? राजगड? मग संजीवनी माची कुठंय?"

पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

"पुढच्या वर्षी मला बोलवा," असं म्हणून तो वर आला आणि शिडी कुठे ठेवली आहे ते विचारू लागला.