'हाय-फ्लेक्स' सांधा बसवला की मांडी घालता येते?
"हाय-फ्लेक्स सांधा बसवा, पुन्हा मांडी घालून बसाल," असं गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनआधी वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. हाय-फ्लेक्स म्हणजे जास्त वाकावा म्हणून बनवलेला कृत्रिम गुडघा; त्यासाठी मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाचा मागचा भाग साधारण 2 मिलिमीटर जास्त कापतात, म्हणजे गुडघा खोल वाकताना सांध्याच्या वरच्या धातूच्या भागाची कड खालच्या प्लास्टिकवर रुतत नाही. कल्पना चांगली आहे. पण साध्या सांध्याशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत फरक निघाला तो जेमतेम काही अंशांचा, कित्येकदा तोही नाही. नंतर गुडघा किती वाकेल हे सगळ्यात जास्त ठरतं ते ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावर. मग सर्जनचा हात आणि नंतरचा व्यायाम. 2017 मध्ये सरकारने दर बांधले तेव्हा साधा सांधा 54,720 आणि हाय-फ्लेक्स 56,490 रुपयांवर आला. त्याआधी मांडीच्या आशेवर म्हाताऱ्या माणसांकडून लाखाच्या वर घेतले जात, याची मला आजही चीड येते.