महागडी वायर आणि ‘खुललेला’ आवाज

नाशिकला गंगापूर रोडवर मित्राकडे परवा पुन्हा तेच ऐकलं: स्पीकरला महागडी वायर जोडली की आवाज खुलतो. त्याला फरक जाणवला, हे खरंच. पण श्रेय वायरीचं नाही. जुन्या वायरीची टोकं मी हातात घेऊन पाहिली. तांबं काळं पडलेलं, दोन तारा तुटलेल्या. नव्याने सोलून, पिळून घट्ट बसवली, तर तीच वायर तितकीच छान वाजली.

अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा 3 मीटर अंतरासाठी, जाऊन-येऊन, रोध (विजेला होणारा अडथळा) जेमतेम 0.04 ओहम, स्पीकर 8 ओहमचा. त्यामुळे आवाजाच्या पातळीत पडणारा फरक सुमारे 0.05 डेसिबल, कानाला कळतच नाही. वायर फार बारीक आणि लांब असेल तर मात्र कळतो. तुलना करायचीच तर आवाजाची पातळी सारखी ठेवा आणि कोणती वायर जोडलीय, ते ऐकणाऱ्याला सांगू नका.