चालणे आणि हायकिंग (गोवा)

पायी जाण्याचे दोन प्रकार. चालणे म्हणजे तयार रस्त्याने, वस्तीच्या आधाराने, मनात येईल तिथे थांबता किंवा मागे फिरता येईल अशा बेताने जाणे. हायकिंग म्हणजे रानातून, चढउताराच्या किंवा खडबडीत वाटेने, आधी ठरवून आणि लागेल ते पाठीवर घेऊन केलेली चाल. मराठीत तिला पदभ्रमण किंवा डोंगरभटकंतीही म्हणतात. मुक्काम पडला आणि ओझे वाढले की ट्रेक होतो. दोर लागला की गिर्यारोहण सुरू होते. गोव्यात बोलताना इतकी काटेकोर विभागणी कोणी करत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणारेही 'ट्रेकला गेलो होतो' असेच सांगतात.

हा फरक सहसा अंतर, उंची किंवा पायातले बूट यांवरून ठरवला जातो. गोव्यात या तिन्ही कसोट्या लंगड्या पडतात. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी जेमतेम ६५ किलोमीटर. तेवढ्यात किनाऱ्याची वाळू, खाजन शेते (खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून राखलेली भातशेती), जांभ्याचे सडे (पठारे) आणि सह्याद्रीचा कडा असे सगळे येते. सकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर फेरी मारणारा माणूस दुपारच्या आत सत्तरी तालुक्याच्या रानात पोहोचू शकतो. अंगावरचे कपडे, बूट, पाण्याची बाटली, सगळे तेच असते. पण तिथे त्याच्यावर येणारी जबाबदारी वेगळी असते, आणि नेमके तेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

अंतराचे पाहू. आषाढीला गोव्यातून पंढरपूरला पायी दिंड्या जातात. ही वाट साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते आणि घाट चढावा लागतो. तरी वारीला हायकिंग म्हणता येणार नाही. वाट डांबरी, मुक्कामाची गावे ठरलेली, जेवणाची सोय लावलेली, पाठीशी सामानाची गाडी आणि सोबत शेकडो माणसे. ३ डिसेंबरच्या फेस्ताला सांत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी बेळगाव आणि सिंधुदुर्गाकडून जुन्या गोव्यापर्यंत चालत येणाऱ्या ख्रिस्ती भाविकांचेही तसेच. उलट जुलै महिन्यात एखाद्या ओहोळाच्या काठाने धबधब्यापर्यंत गेलेली तीन किलोमीटरची वाट पुरेपूर हायकिंग असते.

उंचीचेही तसेच. गोव्यातले सर्वोच्च ठिकाण सोसोगड, हजार मीटरहून थोडे उंच. महाराष्ट्रातल्या कळसूबाईपुढे (१,६४६ मीटर) हा आकडा लहान वाटतो, म्हणून गोव्यातले डोंगर 'सोपे' मानण्याची चूक बाहेरून येणारे करतात. इथली अडचण उंचीत नसून झाडीत आहे. सदाहरित आणि निमसदाहरित रानात दहा पावलांपलीकडे दिसत नाही, दिशा कळायला कडा किंवा शिखर नजरेला पडत नाही, आणि गुरांची वाट कुठे संपून रानडुकरांची कुठे सुरू झाली हे नवख्याला ओळखता येत नाही. दुसरीकडे केपे तालुक्यात पारोड्याजवळचा चंद्रनाथ पर्वत शेजारच्या सपाटीतून चांगला तीनशे मीटरच्या वर उठतो. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. पण गाडीरस्ता जवळपास वरपर्यंत गेला आहे आणि पायऱ्याही आहेत. पायऱ्यांनी देवदर्शनाला चढून गेलेल्याला दम लागेल, घाम फुटेल. तरी ते चालणेच.

मग फरक कशात? या नोंदीचे मत असे, की परतीची वाट कोणाच्या हाती आहे, यात. चालताना पाय मुरगळला तर रिक्षा बोलावता येते, तहान लागली तर पुढच्या तिस्कावर (तिठ्यावर) दुकान असते, पाऊस आला तर कोणाच्या तरी बाल्कांवात (घरापुढच्या छपराखालच्या ओट्यात) उभे राहता येते. हायकिंगमध्ये निघाल्या ठिकाणी परतायला जितका वेळ, पाणी आणि उजेड लागणार तो आधीच राखून ठेवावा लागतो. अर्धी वाट संपली आणि पाण्याची अर्धी बाटली उरली, तर बेत चुकलेला आहे. परतताना थकवा जास्त असतो आणि पाणीही जास्त लागते.

वेळेचा हिशोब दोन्हींत किती बदलतो हे नेस्मिथच्या नियमाने नीट कळते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात : सपाटीच्या दर पाच किलोमीटरना एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास. तीन किलोमीटर वाट आणि तीत ३०० मीटर चढ असेल तर ३६ मिनिटे अधिक ३० मिनिटे, म्हणजे एक तास सहा मिनिटे. हा हिशोब थंड हवेतल्या उघड्या डोंगरांवरचा आहे. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, म्हणून इथे तो वेळ सढळ हाताने वाढवावा. मेट या एककात (स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च म्हणजे एक मेट) शरीराचा खर्च मोजला तर सपाटीवरच्या मध्यम चालीला तीन-साडेतीन मेट लागतात, डोंगररानातल्या चालीला पाच ते सहा. वाळू मात्र या हिशोबात बसत नाही. मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते. दक्षिण गोव्यात वेळसावपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरहून लांब सलग पुळण आहे. ती एका दमात पायाखाली घालणाऱ्याने ओहोटी बघून निघावे आणि ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. एकही मीटर चढ नसलेली ही वाट कित्येक डोंगरांपेक्षा जास्त दमवते.

गोव्यातले चालणे. पणजीत कांपाल, मिरामार आणि दोनापावलचा रस्ता, तसेच आल्तिनोचा चढ ही सकाळ-संध्याकाळच्या फेरीची ठरलेली ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्याचे ते सहज भरते. मळा आणि फोंताइन्हासच्या गल्ल्यांतून घरे बघत जाणारे हेरिटेज वॉक हा चालण्याचाच अलीकडे रुजलेला प्रकार. पणजीहून रायबंदरला जाणारा सेतू १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कौंट ऑफ लिन्यारेसच्या काळात बांधला गेला. त्याची लांबी ३.२ किलोमीटर आहे. एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिठागरे. चालायला सुरेख वाट, पण आता वाहनांच्या गर्दीमुळे पहाटेखेरीज तिथे चालण्यात मजा राहिलेली नाही.

खाजन शेतांचे बांध ही गोव्याची खास पायवाट. दिवाडी, चोडण आणि मांडवी-झुआरीच्या काठची गावे अशा बांधांनी राखलेली आहेत. बांध मातीचा, चिऱ्यांनी बांधून काढलेला, वरची वाट दोन पावलांपुरती. एका हाताला भाताचे कुणगे, दुसऱ्या हाताला खारफुटी आणि चिखल. मध्येच मानस (बांधातली पाण्याची मोरी) लागते. तिचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. भरती चढत असताना तिथे उभे राहिले तर दार फळकुटावर बसल्याचा आवाज येतो आणि बाहेरचे पाणी हळूहळू आतल्या पाण्याच्या वर चढलेले दिसते. बांधाला खांड पडली असेल तर मात्र पुढे जाता येत नाही. जवळून दिसणारे पलीकडचे गाव गाठायला मागे फिरून पूर्ण वळसा घालावा लागतो. चालणे आणि हायकिंग यांच्या सीमेवरची ही वाट आहे. गाव डोळ्यांसमोर, पण मधल्या चिखलात उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

डोंगरवाटा. आजच्या हायकिंगच्या बहुतेक वाटा मुळात कामाच्या वाटा. रामघाट, केळघाट, तिनईघाट, दिगीघाट यांवरून बैलांचे तांडे मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत. तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिर आज रानात एकटे उभे वाटते, पण ते घाट उतरून येणाऱ्या वाटेच्या पायथ्याशी आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही पत्रादेवी, पोळे वगैरे सीमांवरून गोव्यात शिरले तेही पायीच. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि कित्येकांना हौतात्म्य आले. छंद म्हणून डोंगर चढण्याची रीत त्यामानाने अलीकडची. ती रुजवण्यात स्थानिक हायकिंग मंडळांचा आणि युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिवाळी मोहिमांचा वाटा मोठा आहे. या मोहिमांत किनारा आणि जंगल असे दोन्ही टप्पे असतात.

आता हे रान बव्हंशी संरक्षित आहे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. म्हादई (सुमारे २०८) आणि नेत्रावळी (सुमारे २११) ही अभयारण्ये १९९९ मध्ये जाहीर झाली. काणकोणातले खोतीगाव सुमारे ८६. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. रस्त्यावर चालायला कोणाला विचारावे लागत नाही, इथे वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी लागते. ही नोंद अनेकांना कटकट वाटते. पण आत गेलेला गट संध्याकाळी बाहेर आला नाही, हे कोणाला तरी कळण्याची ती एकमेव खात्रीची सोय आहे.

दूधसागरचे उदाहरण बोलके आहे. ३१० मीटर उंचीचा हा धबधबा रेल्वेमार्गाला लागून आहे. मुरगाव बंदराला जोडणारा हा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. कुळेहून रुळांच्या कडेने धबधब्यापर्यंत जाण्याची चाल वर्षानुवर्षे 'ट्रेक' म्हणून मिरवली गेली. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रुळांवरून जाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये शेकडो पर्यटकांना पोलिसांनी अडवले, काहींना उठाबशा काढायला लावल्या, आणि त्याची देशभर चर्चा झाली. उठाबशा काढायला लावणे योग्य नव्हतेच. पण बोगद्यात एकाच वेळी माणसे आणि गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली.

त्याच महिन्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी आली. पावसाळी हायकिंगमध्ये खरा धोका उंचीचा नसतो, ओहोळाचा असतो. सकाळी जाताना घोट्याएवढे पाणी ओलांडलेले असते. वर डोंगरात पाऊस कोसळतो, खाली ऊनही पडलेले असते. पाणी आधी किंचित गढूळ होते, मग पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, तळाचे धोंडे एकमेकांवर आपटल्याचा दबका आवाज येतो. यांतले पहिले चिन्ह दिसताच पाण्यातून बाहेर पडून उंचावर जावे. ओलांडायचे राहिले असेल तर ओलांडू नये. पाऊस थांबल्यावर असे ओहोळ बहुधा काही तासांत उतरतात. सड्यावर पावसात फुलणारी सीतेची आसवे बघायला जाणाऱ्यांसाठी धोका वेगळा. जांभ्यावरचे काळपट हिरवे शेवाळ दिसायला कोरडे असले तरी पाय ठरू देत नाही. नवे बूटही तिथे उपयोगी पडत नाहीत, तळवा सपाट टेकवून लहान पावले टाकावी लागतात.

कोरड्या दिवसांतला धोका गोचिडांचा. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे (क्यासानूर फॉरेस्ट डिसीज) रुग्ण आढळत आले आहेत, आणि साथीचा काळ साधारण डिसेंबर ते मे म्हणजे नेमका हायकिंगचा हंगाम. पालापाचोळ्यावर बसू नये, पूर्ण विजार मोज्यात खोचावी, माकड मरून पडलेले दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, घरी परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावे. सापांबाबत एक गोष्ट कमी जणांना ठाऊक असते : आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बनवलेली आहे. या रानांत सर्रास असलेल्या, फांद्यांवर बसून राहणाऱ्या चापड्यांसाठी ती नाही. म्हणून फांदीला हात लावण्यापूर्वी ती बघावी. दंश झाल्यास कापाकापी न करता १०८ ला फोन करावा आणि माणसाला शक्यतो न चालवता बाहेर आणावे.

उजेडाचा हिशोब शहरातल्यापेक्षा कडक ठेवावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट छत्राखाली त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचे दिसेनासे होते. दुपारी दोनला, कुठेही पोहोचला असाल तरी, मागे फिरणे हा चांगला नेम.

या सगळ्यांत एक माणूस नेहमी विसरला जातो : ज्याच्यासाठी ही वाट हायकिंग नाही. काणकोण-सांगेतले वेळीप-गावकर आणि सत्तरी-धारबांदोड्यातले गवळी-धनगर ज्या वाटांनी गुरे नेतात, मिरी-काजू गोळा करतात, त्याच वाटांवर शहरातून आलेले गट बूट आवळून चढतात. त्यांच्यासाठी ते रोजचे चालणे. वाट तीच आणि चढ तोच, पण कोणत्या वळणावर पाणी आहे आणि कोणत्या झाडापाशी वाट फुटते हे त्यांना ठाऊक असते, म्हणून परतीची वाट त्यांच्या हातात असते. त्यामुळे स्थानिक वाटाड्या घेणे हा खर्च टाळण्यासारखा नाही. वाटाड्याने 'आज नको' म्हटले तर मजुरी देऊन घरी परतावे, आणि बेत पुढच्या रविवारवर ढकलावा. गव्याचा कळप ओहोळावर उतरला असेल, वर पाऊस लागला असेल, किंवा गावात देवकार्य असल्यामुळे देवराईतून जायची मनाई असेल. कारण विचारले तर तो सांगेल, पण विचारण्याआधी मागे वळावे.