कामागणिक जादा दिवस धरल्याने प्रकल्प लवचीक होत नाही

प्रत्येक कामाला थोडे जादा दिवस धरले की मोठा प्रकल्प धक्के पचवतो, ही समजूत चुकीची आहे. ते दिवस त्या-त्या कामातच मुरतात. वाचलेला वेळ पुढच्या कामाला क्वचितच मिळतो, उशीर मात्र हमखास मिळतो.

एकामागून एक 10 कामे, प्रत्येकी 5 दिवस राखीव, म्हणजे 50. ते काढून शेवटी एकत्र साठा ठेवा. उशिराची कारणे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर प्रत्येक कामाच्या राखीव दिवसांचा वर्ग करून त्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्या: सुमारे 16 दिवस. खबरदारी म्हणून 25 ठेवावेत. साठ्याचा एक तृतीयांश संपला की पर्यायी योजना आखा, दोन तृतीयांश संपताच ती अमलात आणा.

बांधकामात पाऊस मात्र सगळ्याच कामांना एकदम गाठतो, तिथे हे गणित फसते. म्हणून पायाचे काम मे अखेरीपर्यंत उरका.