रक्ताचं पाणी होत नाही, गोठणं लांबतं

लातूर-बीडकडून मोठ्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला निघालेल्या पेशंटच्या घरी एक वाक्य हमखास कानावर पडतं : "तिथं इंजेक्शन देऊन रक्ताचं पाणी करतात, मग महिनाभर उठायचं नसतं." हा समज चुकीचा आहे, आणि जिवावर बेतणारा आहे.

ते इंजेक्शन हेपारिनचं, १९१६ सालच्या संशोधनातून पुढं आलेलं. ते रक्त पातळ करत नाही. आपल्याच रक्तातलं अँटीथ्रॉम्बिन हे प्रथिन गोठण्याला लगाम घालतं. हेपारिन त्याचा जोर वाढवतं, एवढंच. ऑपरेशनात महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, चिमटा लावला की पायांकडचं रक्त थबकतं, आणि थबकलेलं रक्त गोठतं. म्हणून चिमट्याआधी काही मिनिटं हे औषध देतात. तास-दीड तासात त्याचा असर निम्म्यावर येतो. गरज पडली तर प्रोटामिन हे त्याचं उतारा-औषध देऊन उतरवताही येतो.

रक्तस्राव वाढण्यामागं बरेचदा दुसरी कारणं असतात : रक्त गेलेलं असतं, भरपूर सलाईनमुळं गोठवणारी प्रथिनं विरळ होतात, अंग गार पडतं. पेशंटला उबदार ठेवायची धडपड त्यासाठीच.

नंतर तर पारडं उलटं फिरतं. जखम भरताना शरीर फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढवतं आणि काही दिवस रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठू पाहतं. अशा वेळी "पडूनच राहा" म्हणणं म्हणजे पायातल्या गुठळीला आवतण. डॉक्टरांनी परवानगी दिली की आजोबांचा हात धरून वॉर्डात फेऱ्या मारा, आणि गुठळी टाळायला पोटावर द्यायचं छोटं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर चुकवू नका.