जकातीचा पहारा आणि बुडणाऱ्यांचा बचाव

तटरक्षक दल म्हटले की वादळात सापडलेल्या खलाशांच्या मदतीला धावणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. परंतु किनाऱ्यावर सरकारी पहारा बसला तो मुळात जकात बुडू नये म्हणून. अमेरिकेने 1790 मध्ये उभारलेल्या गलबतांचे काम तेच होते, आणि ब्रिटनचे 1822 मधील तटरक्षक दलही प्रामुख्याने चोरटा व्यापार रोखण्यासाठी स्थापन झाले. बुडणाऱ्यांना वाचवण्याची खटपट मात्र किनाऱ्यावरच्या लोकांनी आधीच सुरू केली होती.

1789 मध्ये इंग्लंडच्या टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ हे जहाज रुतले. काठावर जमाव उभा होता, जहाजावरची माणसे लाटांत पडताना दिसत होती, आणि तरीही त्या पाण्यात होडी घालणे कुणालाच शक्य नव्हते. त्यानंतर साउथ शील्ड्सच्या नागरिकांनी बचावनौकेच्या उत्तम आराखड्यासाठी बक्षीस लावले. विल्यम वुडहेव्ह आणि हेन्री ग्रेटहेड यांच्या कल्पनांतून 1790 मध्ये ‘ओरिजिनल’ ही नौका पाण्यात उतरली. तिला बुचाचे अस्तर होते आणि तिची दोन्ही टोके सारखीच निमुळती होती. त्यामुळे परतताना तिला वळवावे लागत नसे. खवळलेल्या समुद्रात होडी लाटेला आडवी झाली की उलटते, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या रचनेचे मोल कळते.

नौकाही पोहोचत नसे तिथे तोफेने दोर पोहोचवण्याची युक्ती जॉर्ज मॅनबी यांनी शोधली. तोफगोळ्याला बांधलेला दोर जळून जाई, साखळी तुटे. अखेर कच्च्या चामड्याच्या घट्ट विणलेल्या पट्ट्या टिकल्या, आणि 1808 मध्ये ग्रेट यार्मथजवळ ‘एलिझाबेथ’वरच्या 7 जणांचे प्राण वाचले.

सर विल्यम हिलरी यांच्या आवाहनावरून 4 मार्च 1824 रोजी लंडनमध्ये बुडणाऱ्यांना वाचवणारी राष्ट्रीय पातळीवरची संस्था स्थापन झाली. वाचवणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न तरीही उरलाच. 1861 च्या फेब्रुवारीत व्हिटबीची बचावनौका एकाच दिवशी अनेक फेऱ्या करून पुन्हा समुद्रात गेली आणि उलटली. 13 पैकी 12 जण बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात नव्या धर्तीचे बुचाचे जाकीट होते.

अमेरिकेत जकातीची गलबते आणि जीवरक्षण सेवा 1915 मध्ये एकत्र येऊन आजचे तटरक्षक दल बनले. पुढे 1979 च्या हॅम्बुर्ग करारामुळे सागरी शोध आणि बचावकार्याला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली. हिलरींची संस्था मात्र आजही सरकारी खाते नाही. ती प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या नौकांवर बहुतांशी स्वयंसेवकच जातात.